इंग्रजीतला 'रन' वाक्यात कसा पकडायचा, पायरी पायरीनं

रन म्हणजे धावणे, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलं आणि घोळ तिथंच सुरू झाला. पुढं नोकरीला लागलं की मेल येतो 'प्लीज रन इट बाय द मॅनेजर', डॉक्टरच्या केसपेपरवर असतं 'रनिंग नोज', मिरज स्टेशनला चौकशी केली तर गाडी 'रनिंग लेट', मोटर दुरुस्त करणारा म्हणतो ड्राय रन झालीय, आणि सुताराच्या कोटेशनवर रेट असतो रनिंग फुटाचा. यातलं कुणीच धावत नाही. माझ्याकडं स्पोकन इंग्लिशला येणारी पोरं, मग ती कुपवाड एमआयडीसीत कामाला असोत नाहीतर विट्याहून येऊन सांगलीत परीक्षेचा अभ्यास करणारी असोत, या एका शब्दावर जेवढी अडखळतात तेवढी मोठमोठ्या शब्दांवर अडखळत नाहीत. मोठा शब्द अडला की लगेच डिक्शनरी उघडली जाते, रन मात्र आपल्याला येतोच असं धरून पुढं जातात आणि अख्ख्या वाक्याचा अर्थ हुकतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे कुणी अर्थांची यादी पाठ करायच्या नादाला लागणार नाही. ऑक्सफर्डचा जो मोठा इंग्रजी कोश आहे त्याच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात जास्त अर्थ 'सेट' या शब्दाला होते. नंतर नव्या आवृत्तीचं काम चालू असताना 'रन'नं त्याला मागं टाकलं. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक त्या एका शब्दावर जवळपास नऊ महिने बसले होते आणि नुसत्या क्रियापदाचे अर्थ निघाले ६४५, ही बातमी २०११ ला आली होती. ६४५ अर्थ इंग्लंडमधला माणूसही पाठ करत नाही, तो वाक्याकडं बघून अर्थ काढतो, आणि ते बघायचं कसं हे आपल्यालाही शिकता येतं.

पहिली पायरी: 'धावणे' बाजूला ठेवा, 'चालणे' लावून बघा

माणूस किंवा जनावर असेल तरच पळणं लावायचं. माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला पोचली, तिथं 'शी रॅन' म्हणजे ती पळाली. साताऱ्यात यवतेश्वर घाटातून हिल हाफ मॅरेथॉन होते, त्यातली माणसं पळतात. इथं कुणाला शंका येत नाही.

पण पळणारी गोष्ट निर्जीव असली, की बहुतेक वेळा मराठीत ती 'चालते'. आपल्याकडं दुकान चालतं, गिरणी चालते, मशीन चालतं, क्लास चालतो, घर चालतं, केस चालते, नाटक चालतं, आणि इंग्रजीत हे सगळं रन होतं. 'द फॅक्टरी रन्स डे अँड नाइट फ्रॉम नोव्हेंबर' म्हणजे नोव्हेंबरपासून साखर कारखाना रात्रंदिवस चालू असतो. 'द प्ले रॅन फॉर टू इयर्स' म्हणजे नाटक दोन वर्षं चाललं, आणि सांगलीच्या माणसाला हे तरी सांगायला नको, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथंच मराठी नाटक उभं केलं. 'द लीज रन्स टिल मार्च' म्हणजे भाडेकराराची मुदत मार्चपर्यंत आहे, इथं 'चालतो' शब्दशः बसत नाही पण दिशा तीच, मार्चपर्यंत चालू राहणार. सलग चालू राहणं हा या शब्दाचा कणा आहे, तेवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

उलट बाजूनं मात्र जपून. मराठीतलं प्रत्येक 'चालणं' रन होत नाही. 'चहा चालेल का' याला 'विल टी रन' म्हणत नाहीत, तिथं 'वुड यू लाइक सम टी'. 'उद्या दिलं तरी चालेल' म्हणजे 'टुमॉरो इज फाइन'. 'मी कराडला चाललोय' म्हणजे 'आय ॲम गोइंग टू कराड'. आणि पायानं चालणं म्हणजे वॉक, ते वेगळंच.

दुसरी पायरी: रनच्या मागं कोण आहे आणि पुढं काय आहे ते बघा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, हिच्यावर वेळ घालवा. आपण मराठीत चालणं आणि चालवणं असे दोन वेगळे शब्द वापरतो, पळणं आणि पळवणं वेगळे. जुन्या इंग्रजीतही असे दोन वेगळे शब्द होते, एक आपोआप पळण्याचा-वाहण्याचा आणि दुसरा पळवण्याचा, पण काळाच्या ओघात दोन्ही मिसळून एकच 'रन' उरला. त्यामुळं इंग्रजीत ओळखायची खूण शब्दात नसते, पुढं काय आलंय त्यात असते.

'द पंप रन्स ऑन डिझेल'. रनच्या पुढं थेट वस्तू नाही, म्हणजे पंप स्वतः चालतो, डिझेलवर. 'माय अंकल रन्स अ पंप', पुढं वस्तू आली, म्हणजे काका पेट्रोल पंप चालवतात. 'माझी आत्या विश्रामबागला मेस चालवते' हे झालं 'माय आँट रन्स अ मेस इन विश्रामबाग'. मॅनेज, ऑपरेट, कंडक्ट असले जड शब्द आपली पोरं उगाच शोधत बसतात, इंटरव्ह्यूमध्ये 'माय फादर रन्स अ मेडिकल शॉप' एवढं साधं वाक्य पुरतं आणि शोभतंही.

याच सूत्रात कॉम्प्युटर बसतो. 'रन द प्रोग्रॅम' म्हणजे प्रोग्रॅम चालवा, 'द प्रोग्रॅम इज रनिंग' म्हणजे तो चालू आहे. विंडोज की आणि आर एकत्र दाबलं की 'रन' नावाची छोटी खिडकी उघडते, तिच्यात प्रोग्रॅमचं नाव टाकलं की तो सुरू होतो. हॉस्पिटलमध्ये 'वी विल रन सम टेस्ट्स' म्हणजे काही तपासण्या करू, पेपरवाले 'रॅन द स्टोरी' म्हणजे बातमी छापली.

पुढं वस्तू असूनही 'चालवणं' बसत नाही असे चार-पाच प्रयोग आहेत, ते मात्र तसेच लक्षात ठेवावे लागतात. 'ही इज रनिंग अ फीवर' म्हणजे त्याच्या अंगात ताप आहे. 'यू रन अ रिस्क' म्हणजे तुम्ही धोका पत्करताय. 'ही रॅन अ रेड लाइट' म्हणजे त्यानं सिग्नल तोडला. 'आय हॅव टू रन सम एरंड्स' म्हणजे बाजारात जायचंय, बिल भरायचंय, अशी बारीकसारीक बाहेरची कामं उरकायचीत.

एक गंमत इथंच सांगून टाकतो. निवडणुकीला आपण 'उभं राहतो', इंग्लंडमधला माणूसही 'स्टँड्स फॉर इलेक्शन', पण अमेरिकन माणूस 'रन्स फॉर ऑफिस'. हे ऑफिस म्हणजे कचेरी नव्हे, पद. म्हणून अमेरिकन बातमीत 'शी इज रनिंग फॉर मेयर' वाचलं की बाई महापौरपदाला उभ्या आहेत असं समजायचं.

तिसरी पायरी: पातळ आहे की लांबट आहे?

चालणं-चालवणं दोन्ही बसलं नाही तर हे बघायचं. पातळ पदार्थ असेल तर रन म्हणजे वाहणं. 'द कृष्णा रन्स थ्रू वाई, कराड अँड सांगली', कृष्णा वाई, कराड, सांगलीवरून वाहते. 'हिज नोज इज रनिंग', नाक वाहतंय. 'यू लेफ्ट द टॅप रनिंग', नळ चालू ठेवून आलास. साडी घेताना 'विल द कलर रन' विचारलं तर अर्थ, धुतल्यावर रंग जाणार का? आटपाडी-जतकडं उन्हाळ्यात विहिरी 'रन ड्राय' होतात म्हणजे आटतात. आणि पाणलोटाच्या कामात जो 'रनऑफ' शब्द येतो, ज्याला पुस्तकात अपधाव म्हणतात, तो म्हणजे जमिनीत न मुरता उतारानं वाहून जाणारं पावसाचं पाणी. समतल चर, बांध, दगडी बंधारे हा सगळा खटाटोप तो रनऑफ अडवायला असतो, त्यामुळं माण-खटावकडच्या पोरांना हा अर्थ कुठल्याही पुस्तकाआधी शिवारात कळलेला असतो.

लांबट गोष्ट असेल, म्हणजे रस्ता, कुंपण, पाइप, भेग, तर रन म्हणजे इथून तिथवर जाणं. 'द हायवे रन्स पास्ट सातारा अँड कराड'. रस्ता जागेवरच आहे, पण आपणही म्हणतोच की हा रस्ता साताऱ्यावरून जातो. 'अ क्रॅक रन्स अक्रॉस द वॉल', भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग गेलीय. आजार किंवा गुण पिढ्यान्‌पिढ्या येत असेल तर 'शुगर रन्स इन द फॅमिली', आमच्या घराण्यातच शुगर आहे.

याच लांबीच्या अर्थातून रनिंग फूट आणि रनिंग मीटर आलेत, आणि इथं पैशाचा प्रश्न आहे म्हणून नीट वाचा. रनिंग फूट म्हणजे फक्त लांबी मोजायची, रुंदी मोजायची नाही. समजा किचनचा ओटा १० फूट लांब आणि २ फूट रुंद आहे. रनिंग फुटानं तो १० भरतो, स्क्वेअर फुटानं २०. रेट ९०० असेल तर रनिंगनं ९००० रुपये आणि स्क्वेअरनं १८०००. आकडा तोच, मागचा एक शब्द बदलला की बिल दुप्पट, म्हणून कोटेशनवर सही करायच्या आधी रेट कशाचा आहे ते विचारा आणि कागदावर लिहूनच घ्या. पाइप, कंपाउंडची जाळी, स्कर्टिंग यांचा रेट बहुतेक वेळा रनिंगनं असतो. कंत्राटदाराचं 'रनिंग बिल' मात्र लांबीचं नसतं, ते काम चालू असताना झालेल्या कामापुरतं मधेच लावलेलं बिल, म्हणजे ते परत पहिल्या पायरीवर गेलं, चालू बिल.

चौथी पायरी: शेपटाला चिकटलेला छोटा शब्द

आउट, इंटू, ओव्हर, डाउन, अप, थ्रू, बाय. यातला एखादा रनच्या मागोमाग आला की दोघांना मिळून एकच शब्द समजायचं, सुटं सुटं भाषांतर करायला गेलात की फसलात.

'आउट'पासून सुरू करू. 'द मिल्क रॅन आउट', दूध संपलं. 'वी रॅन आउट ऑफ मिल्क', आपल्याकडचं दूध संपलं. अर्थ एकच, पण वस्तू आधी असेल तर 'ऑफ' येत नाही आणि माणूस आधी असेल तर 'ऑफ' लागतोच. आपली पोरं 'वी रॅन आउट मिल्क' म्हणतात, तो 'ऑफ' खाऊ नका. क्रिकेटमध्ये 'ही वॉज रन आउट' म्हणजे धावबाद झाला. तिथं 'वॉज' असतं कारण त्याला दुसऱ्या कुणीतरी बाद केलेलं असतं, आणि नुसतं 'ही रॅन आउट' म्हटलं तर तो पळत बाहेर गेला.

'इंटू'ला तीन तोंडं आहेत. 'आय रॅन इंटू माय सर ॲट गणपती पेठ' म्हणजे सर गणपती पेठेत अचानक भेटले, धडक वगैरे काही नाही. 'द टेम्पो रॅन इंटू अ ट्री' म्हणजे टेम्पो खरोखरच झाडावर धडकला. 'द लॉस रन्स इंटू लाख्स' म्हणजे तोटा लाखांच्या घरात जातो. आता माणूस माणसाला भेटला की गाडी झाडाला भेटली हे दुसऱ्या पायरीनं कळतं, मागं कोण आणि पुढं काय.

'ओव्हर' आला आणि मागं गाडी असेल तर अंगावरून गेली. मागं मीटिंग किंवा भाषण असेल तर ठरल्या वेळेपेक्षा लांबलं. भांडं किंवा टाकी असेल तर भरून वाहिली. 'डाउन'मध्ये बॅटरी उतरते, तब्येत उतरते, इमारत पडायला आलेली असते, एकूण काय तर घसरण. कुणाला 'रन डाउन' करणं म्हणजे त्याला नावं ठेवणं. पण जोडून आलेला 'रनडाउन' वेगळा, 'गिव्ह मी अ क्विक रनडाउन' म्हणजे काय काय झालं ते थोडक्यात सांग.

'अप': किराणा दुकानात उधारी वाढवून ठेवली तर 'ही रॅन अप अ बिल'. बॉलरचा 'रनअप' सगळ्यांना माहिती आहे, आणि त्यावरूनच निवडणुकीच्या आधीचे दिवस म्हणजे 'द रनअप टू द इलेक्शन'.

'थ्रू' म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा भरभर बघून घेणं, नाटकवाल्यांचा 'रन थ्रू' तोच.

आणि 'बाय'. ऑफिसात हा रोज येतो आणि नवीन पोरं यालाच सगळ्यात जास्त घाबरतात. 'रन इट बाय द मॅनेजर' म्हणजे मॅनेजरच्या कानावर घाला, त्यांचं मत घ्या आणि मग पुढं जा. परवानगी घेण्यापेक्षा हे हलकं आहे, लेखी मंजुरी हवी असती तर 'गेट इट अप्रूव्ह्ड' लिहिलं असतं. असा मेल आला तर मॅनेजरला दोन ओळी टाका, उत्तर येऊ द्या, मग काम चालू करा.

पाचवी पायरी: रन हे नाव म्हणून आलंय का?

आधी 'अ' किंवा 'द' असेल, मागं-पुढं क्रियापद दुसरंच असेल, तर रन हे नाम आहे. क्रिकेटची धाव यातलीच. सांगलीत जन्मलेल्या विजय हजाऱ्यांनी १९४८ ला ॲडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५ रन काढले, टेस्टच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. मराठीत बोलताना आपण 'रन काढले' म्हणतो पण इंग्रजीत 'स्कोअर्ड' किंवा 'मेड रन्स' म्हणायचं, 'टुक आउट रन्स' नाही.

बाकीची नामं पटकन सांगतो. 'प्रिंट रन' म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रती. 'इन द लाँग रन' म्हणजे लांबचा विचार केला तर. 'अ रन ऑन द बँक' म्हणजे बँक बुडणार अशी बातमी फुटली आणि ठेवीदारांनी पैसे काढायला एकदम गर्दी केली, आपल्या भागात पतसंस्थांच्या दारात अशा रांगा लोकांनी बघितलेल्या आहेत. 'चिकन रन' म्हणजे खुराड्याला लागून कोंबड्या फिरायला केलेली जाळीची जागा. आणि 'द रन्स' म्हणजे जुलाब. हा शेवटचा नक्की लक्षात ठेवा, पोट बिघडलेला परदेशी पाहुणा 'आय हॅव द रन्स' म्हणाला तर त्याला क्रिकेटचा स्कोअर विचारू नका, ओआरएस द्या.

'ड्राय रन'चे दोन वेगळे अर्थ आहेत आणि आपल्याकडं दोन्ही चालतात. ऑफिसात, स्टेजवर, शाळेच्या गॅदरिंगला ड्राय रन म्हणजे खऱ्या कार्यक्रमाआधी सगळं एकदा करून बघणं. शेतात ड्राय रन म्हणजे विहिरीचं किंवा बोरचं पाणी खाली गेलं तरी मोटर चालूच राहिली. रात्रीची लाइट येते, ऑटोवर टाकलेली मोटर आपोआप सुरू होते, शेतकरी घरी झोपलेला असतो आणि पंप कोरडाच फिरत राहतो. पंपाला आतून थंड ठेवणारं आणि वंगणासारखं काम करणारं पाणीच नसल्यामुळं सील, बुश तापून खराब होतात, आणि वेळेत बंद झाली नाही तर मोटरही जळते. स्टार्टरच्या पेटीवर 'ड्राय रन प्रोटेक्शन' लिहिलेलं असेल तर ते याच्यासाठी, पाणी संपलं की ते मोटर बंद करतं. पेटी घेताना हे तीन शब्द आहेत का ते बघून घ्या.

'रनर'पण असाच फिरतो. स्पर्धेत पळणारा रनर, दुसऱ्या नंबरवाला रनरअप, फाउंड्रीत वितळलेला रस साच्यात न्यायची वाट म्हणजे रनर, आणि कोयनेच्या वीज केंद्रात पाण्याच्या मारानं फिरणारं टर्बाइनचं चाक, तोही रनर. रेल्वेत ड्रायव्हर-गार्डना 'रनिंग स्टाफ' म्हणतात आणि त्यांच्या विश्रांतीच्या जागेला 'रनिंग रूम', तिथं कुणी पळत नाही, झोपतात.

सहावी पायरी: रूपं पक्की करा

रन, रॅन, रन. काल दुकान चालवलं तर 'आय रॅन', पण हॅव, हॅज, हॅड आलं की परत 'रन'. 'द मोटर हॅज रन फॉर सिक्स अवर्स' बरोबर, 'हॅज रॅन' चूक. परीक्षेत एरर शोधायच्या प्रश्नात हे हमखास विचारण्यासारखं आहे. 'रनिंग'मध्ये आयएनजीच्या आधी एन दोनदा येतो, तेवढं स्पेलिंगचं.

सातवी पायरी: वही

यादी लिहू नका. आठवडाभर जिथं जिथं रन दिसेल तिथलं अख्खं वाक्य वहीत उतरवा, मग ते बोर्डावरचं असो, मेलमधलं असो नाहीतर कॉमेंट्रीतलं. त्याखाली एका ओळीत लिहा की मागं कोण, पुढं काय, शेपूट आहे का, आणि शेवटी आपल्या बोलण्यातलं मराठी वाक्य. मराठी वाक्य मोठ्यानं वाचा. घरात आईशी तसं बोलाल का? 'माझे नाक धावत आहे' असं कुणी बोलत नाही, म्हणजे अर्थ चुकला, परत बघा. ही तपासणी मला आजवर कुठल्याही डिक्शनरीपेक्षा जास्त उपयोगी पडलीय, कारण कान चुकीचं मराठी लगेच पकडतो.

आता सरावाला एक वाक्य घ्या. 'द मीटिंग रॅन ओव्हर, सो वी रॅन आउट ऑफ टाइम, अँड द वूमन हू रन्स द ऑफिस आस्क्ड मी टू रन द बजेट बाय हर लेटर.' चार रन आहेत. पहिल्याच्या मागं मीटिंग आणि शेपटाला ओव्हर, म्हणजे लांबली. दुसऱ्याच्या मागं माणसं आणि पुढं आउट ऑफ, म्हणजे आपल्याकडची वेळ संपली. तिसऱ्याच्या पुढं थेट ऑफिस, शेपूट नाही, म्हणजे सांभाळणं, चालवणं. चौथ्यात बजेटच्या पलीकडं बाय दिसतोय, शेपूट जरा लांब पडलंय पण जोडी तीच, म्हणजे दाखवून मत घेणं. मिळून झालं: मीटिंग लांबली, वेळच उरला नाही, मग ऑफिस सांभाळणाऱ्या मॅडम मला म्हणाल्या की बजेट नंतर एकदा मला दाखवून घे.